ओटीतली पेटी

टँकर आला नाही त्याचा तो चौथा दिवस. वठारातल्या, म्हणजे एकाच अंगणाभोवतीच्या चाळीतल्या, बारा खोल्यांच्या घागरी, बादल्या, रंगाचे रिकामे डबे फाटकापासून थेट सर्जापूर रोडच्या कडेपर्यंत रांगेत बसले होते आणि त्यांच्या मालकिणी ऊन चढायच्या आत कामावर निघून गेल्या होत्या. भांडी राखायला गुंडो होता. महिनाभर त्याला दुसरं कामच नव्हतं.

गुंडो फरशी बसवणारा. चंदगडकडून बंगळूरला आला त्याला बावीस वर्षं झाली होती. या भागातल्या कितीतरी न्हाणीघरांत त्याच्या हातच्या फरश्या होत्या आणि त्यांवर थेंबभर पाणी साचलेलं कुणी दाखवून द्यावं, अशी त्याची घमेंड होती. पण त्या उन्हाळ्यात बोअर आटल्या आणि प्यायचं पाणी बांधकामाला वापरायचं नाही असा हुकूम निघाला. सिमेंट काही कोरडं कालवता येत नाही. एकेक साइट थंड पडली. गुंडोची थापी, गुण्या, रबरी हातोडा गोणपाटात बांधून खाटेखाली गेले आणि गुडघ्यांवर घट्टे पडलेला हा माणूस उलट्या बादलीवर बसून बायकांच्या घागरी राखू लागला.

"रांगेत गडीमाणूस मीच एकटा," तो बायकोला म्हणाला. "पोरी काका-काका करून मला पुढं घालत्यात. लाज वाटती."

"वाटू दे. लाजंपरास पाणी मोठं," प्रतिमा म्हणाली आणि पदर खोचून रस्ता ओलांडून गेली.

पलीकडच्या अपार्टमेंटात ती तीन घरी पोळ्या लाटायची. सकाळी साडेसहाला पहिला उंडा, साडेदहाला शेवटची पोळी. मनगटापासून कोपरापर्यंत तव्याच्या कडेचे चटके ओळीने उमटलेले. तिसरं घर नवव्या मजल्यावर, श्वेताचं. श्वेता पुण्याची. कॉम्प्युटरच्या कंपनीतली तिची नोकरी गेल्या वर्षी गेली होती आणि तेव्हापासून ती घरूनच एका दुसऱ्या कंपनीचं काम करत होती. साबण, मंजन, अंगदुखीचं तेल, ताकदीची पावडर असा माल. दुकानात मिळायचा नाही, माणसाने माणसाला विकायचा. सगळ्या मालाची मिळून एक जांभळी पेटी होती, तिचं नाव 'शुभारंभ'. जो पेटी घेईल त्याने पुढे दुसऱ्याला द्यायची.

"प्रतिमाताई, काकांचं काम बंद आहे ना? मग तुम्हाला सेकंड इन्कम नको का?" श्वेता ओट्याला टेकून म्हणाली. "एकदम लीगल आहे हं. सरकारचे रूल्सच आहेत आता या बिझनेसचे. जॉइनिंग फी आपण घेतच नाही, कायद्यात बसत नाही ते. फक्त पहिली खरेदी करायची."

"मग ती खरेदी म्हंजे फीच न्हवं का?"

"नाही हो! फी वेगळी, खरेदी वेगळी."

प्रतिमाला त्यातला फरक कळला नाही, पण तिला आयुष्यात बऱ्याच गोष्टींतला फरक कळला नव्हता आणि तरी तिचं चाललं होतं. तिने पहिल्या पेटीचे पैसे पगारातून कापून घ्यायला सांगितले. गळ्यात अडकवायला फोटोचं कार्ड मिळालं. कार्ड दाखवल्याशिवाय विकायचं नाही, आधी विचारल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही, असा नियम होता. आणि आणखी एक नियम होता, त्याने श्वेताचं डोकं उठलं होतं.

"तीस दिवस!" ती एकदा फोन ठेवून वैतागली. "घेताना अगदी गोड बोलतात. पेटी फोडत नाहीत, नुसती ठेवून देतात आणि विसाव्या-पंचविसाव्या दिवशी म्हणतात, परत घ्या. घ्यावी लागते ना मला! रूल म्हणजे रूल. काय करावं या लोकांना?"

प्रतिमा लाटत होती. लाटणं न थांबवताच ती बोलून गेली, "आमच्यात ओटीत घातलेलं कुनी माघारी देत न्हाई."

बोलण्यात काही नव्हतं. जोंधळ्याची भाकरी थापतात, लाटत नाहीत, असं सांगावं तसं ती बोलली होती. पण श्वेताने फोनवरून मान वर केली.

"म्हणजे?"

"म्हंजे ओटी भरताना जे पदरात पडलं ते पडलं. ते परत दिलं की भरणारणीच्या कुंकवाला वाईट. आमच्या गावाकडं मरतील पण देणार न्हाईत."

श्वेताने फोन ओट्यावर ठेवला. मग हसली. वाईट हसली असं नाही. एखाद्या हुशार मुलीला अडलेलं गणित सुटावं तशी हसली.

पुढच्या मंगळवारी चैत्रातलं हळदीकुंकू. प्रतिमाने सात खोल्यांतल्या सात जणींच्या ओट्या भरल्या. खण, नारळ, तांदूळ, सुपारी, हळकुंड, आणि वर श्वेताने उधारीवर दिलेली ती जांभळी पेटी. 'पैसं सावकाश द्या गं, पाण्याचं सुरळीत झालं की द्या,' असं हसत हसत. सातही जणी तिच्याच मुलखाच्या, कुणी खानापूरच्या, कुणी निपाणीच्या. पदरात पडलेल्या पेटीकडे त्यांनी थोडं चमकून पाहिलं, पण ओटीला नाही कोण म्हणणार? श्वेता म्हणाली होती, आठ पेट्या झाल्या की तुम्ही एक पायरी चढलात, मग दर महिन्याला बसून पैसे येतील. सात झाल्या. वठारात राहिलेल्या खोल्यांपैकी एकीला कुलूप, दोन सड्या पोरांच्या, आणि एक रेणुकाची.

रेणुकाच्या दाराशी प्रतिमाचा पाय अडखळला.

रेणुकाचा नवरा देवाप्पा गुंडोचा जोडीदार होता. दोघं एकाच गाडीने बंगळूरला आले, एकाच पत्र्याखाली निजले. सहा वर्षांपूर्वी के. आर. पुरमच्या एका साइटवर परांची सुटली आणि देवाप्पा चौथ्या मजल्यावरून खाली आला. रेणुका तेव्हा चौतिशीची. मूलबाळ नाही, माहेरी कुणी नाही, तिने वठारातलीच खोली धरून ठेवली. बांधकामावर नव्या स्लॅबला पाणी मारायचं काम ती करायची, दिवसभर हातात पाइप, अनवाणी. सिमेंटच्या पाण्याने तिच्या टाचा पांढऱ्या पडून फाटल्या होत्या. उन्हाळ्यात सगळ्यात आधी तिचंच काम गेलं.

प्रतिमाचा आणि तिचा घासातला घास. एकीचं मीठ संपलं की दुसरीच्या डब्यात हात. पण नवरात्र आलं, चैत्र आला, की रेणुका आपलं दार अर्धं लोटून आत बसायची. हळदीकुंकवाची ताटं दारावरून जायची आणि आपली अडचण कुणाला नको म्हणून ती कडधान्य निवडायला घ्यायची. सहा वर्षांत प्रतिमाने ते अर्धं दार कधी ढकललं नव्हतं. कुणीच नव्हतं.

आज ढकललं.

"अक्का, चुकलीस. शेजारची खोली तिकडं," रेणुका सुपातून मान न काढता म्हणाली.

"न्हाई चुकले. ऊठ, पदर पसर."

"कुनाला?"

"तुलाच. हितं दुसरं कोन हाय?"

रेणुकाने खरंच मागे वळून पाहिलं. मग सूप बाजूला ठेवून उठली, पण पुढे आली नाही. "थांब. धुतलेलं नेसते," म्हणाली. कोपऱ्यात प्यायच्या पाण्याची एकच कळशी होती, अर्धी. पुन्हा चार दिवस टँकर नव्हता. त्या पाण्यातून तिने दोन पेले घेऊन पाय धुतले, एक पेला घेऊन तोंड. प्रतिमा म्हणाली, "अगं, प्यायचं हाय ते." रेणुकाने ऐकलं नाही.

प्रतिमाने हळद लावली. कुंकवाच्या करंड्याशी बोट गेलं आणि क्षणभर थांबलं. रेणुकाला ते थांबणं दिसलं, तिने डोळे मिटून घेतले. मग प्रतिमाने कुंकूही लावलं. पाच मुठी तांदूळ, नारळ, खण, आणि शेवटी पेटी. पेटी जड होती. रेणुकाला पदर दोन्ही हातांनी धरावा लागला, त्यामुळे डोळे पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. पाणी हनुवटीवरून तांदळावर पडत राहिलं.

"अक्का गं," एवढंच ती म्हणाली.

 प्रतिमालाही रडू आलं आणि ते रडू खरं होतं. आणि खोलीतून बाहेर पडताना तिच्या मनात 'आठ' हा आकडा आला, तोही खराच होता. दोन्ही एकाच पोटात, एकाच वेळी. पुढे कितीही दिवस तिने ते निवडायचा प्रयत्न केला, तिला ते वेगळं काढता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेणुका पैसे घेऊन दारात उभी. पेटीचे पुरेपूर.

"अगं, सावकाश दे म्हनलं होतं की! आनलंस कुठनं?"

"होतं," रेणुका म्हणाली.

होतं म्हणजे डोरल्याच्या दोन वाट्या होत्या. देवाप्पा गेल्यावर काढून हळदीच्या डबीत ठेवलेल्या. म्हातारपणी अंथरुणाला खिळले तर कुणावर भार नको, म्हणून राखलेल्या. त्या तिने सोनाराला विकल्या होत्या. गुंडोने संध्याकाळी हे दुसऱ्याच कुणाकडून ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं. प्रतिमा भाजी परतत होती, ती परततच राहिली.

"परत दे तिचं तिला," गुंडो म्हणाला.

"देते की. तिचा धंदा सुरू झाला की दुप्पट हुतील, मग नव्या घील," प्रतिमा म्हणाली. असं श्वेता बोलायची.

पण रेणुकाने धंदा केला नाही. बाकीच्या सातजणींनी पेट्या फोडल्या, साबण वापरले, मंजनाने पोरांची तोंडं आली म्हणून कुरकुरल्या. रेणुकाची पेटी देवाच्या फळीवर. सील तसंच. खण मात्र तिने शिंप्याकडून शिवून आणला, हिरवा, काठाला पिवळी नक्षी, आणि तो अंगात घालून ती कामं शोधत हिंडली. कुठे झाडलोट, कुठे लग्नाच्या हॉलवर भांडी. वठारात दिसेल तिला सांगायची, "अक्कानं ओटी भरली माझी. त्यातला हाय."

सव्विसाव्या दिवशी, रविवारी, श्वेताने प्रतिमाला गाडीत घालून कोरमंगलाला नेलं. एका हॉटेलातला हॉल, गारगार हवा, दोनशे-अडीचशे माणसं. एवढ्या गारव्यात प्रतिमाला घाम फुटला. बाटलीबंद पाणी मात्र प्रत्येक खुर्चीवर होतं. लोक अर्धी पिऊन अर्धी तिथेच ठेवत होते, ते पाहून तिचा जीव तुटत होता.

आधी श्रीरंग नावाचे टायवाले साहेब बोलले. नियम सांगितले. खोटे दावे करू नका, औषध म्हणू नका. ओळखपत्र दाखवा. गिऱ्हाइकाला तीस दिवसांत माल परत द्यायचा हक्क आहे, तो त्याला तोंडाने सांगा. हा हक्क कुणी दाबला तर कंपनी त्याचं काम बंद करेल. साहेब चांगले बोलले. प्रतिमाच्या लक्षात आलं की तो हक्क तिने कुणालाच सांगितला नव्हता.

मग श्वेताला वर बोलावलं आणि श्वेताने प्रतिमाला. प्रतिमाच्या खांद्यावरून एक चकचकीत पट्टा घातला, आठ पेट्यांच्या पायरीचा. चपला खालीच राहिल्या होत्या, ती अनवाणी उभी. श्वेता माइकवर हिंदीत सांगू लागली. हक्क तर द्यायचाच, रूल आहे. पण नातं असं जोडा की समोरच्याला तो वापरावासाच वाटू नये. मग तिने ओटी म्हणजे काय ते सांगितलं. लोक ऐकत होते, लिहून घेत होते. "और एक बात," श्वेता म्हणाली, "कोणी विधवा असेल तर तिची आधी भरा. तिची कुणीच भरत नाही. या प्रतिमाताईंनी भरली, तर ती बाई रडली. त्या बाईने पेटी देवापाशी ठेवलीय! ती पेटी कधी परत येईल का?"

हॉल हसला. वाईट अर्थाने नव्हे, कौतुकाने हसला. टाळ्या वाजल्या. साहेबांनीही वाजवल्या. यात नियमाविरुद्ध काही नव्हतं.

हे श्वेताला प्रतिमानेच सांगितलं होतं. पोळ्या लाटता लाटता, मन भरून आलं म्हणून.

परतताना गाडी सिल्क बोर्डाच्या सिग्नलला अडकली. प्रतिमा पट्टा काढून मांडीवर घडी करून बसली होती. ती म्हणाली, "ताई, आठवी पेटी परत करायची."

"का? काय झालं?"

"काय न्हाई. सील हाय तसंच हाय. तीस दिवस झालं न्हाईत."

"अहो, तुमची पायरी जाईल! सगळं पहिल्यापासून." श्वेताने तिच्याकडे नीट पाहिलं. "मी स्टेजवर बोलले ते लागलं का? नाव नाही घेतलं मी तिचं."

"तिचं न्हाई घेतलं. माझं घेतलं."

 सिग्नल सुटला, पुन्हा लागला. मग श्वेता हळूच म्हणाली, "करू परत. पण तिची सही लागते फॉर्मवर. तिने स्वतः म्हटलं पाहिजे की मला नको. बुधवारपर्यंत."

फॉर्म घेऊन प्रतिमा घरी आली. गुंडोला सगळं सांगितलं, हॉलातलं हसणंही. तो गुडघे चोळत ऐकत होता.

"तिला हे सांगू नगंस," तो म्हणाला. "मरंल ती. सांग, कंपनी बुडाली."

सोमवारी सकाळी प्रतिमाने तसंच सांगितलं. "रेणू, कंपनीत गडबड हाय म्हनं. पेटी दे, पैसं मागून घेऊ. हितं सही कर."

रेणुका अंगणात तांदूळ पाखडत होती, तो हिरवा ब्लाउज अंगात. "बुडू दे की कंपनी. मला कुठं विकायची हाय ती?"

"अगं पैसं जातील. वाट्या गेल्या तुझ्या."

"गेल्या तर गेल्या. अक्का, खुळी का काय तू?" तिने आवाज खाली आणला. "ओटीतलं परत देतात व्हय? माझं काय, माझं सगळं होऊन गेलंय. तुझं कुंकू हाय त्यात. गुंडोदादाला उद्या कुठं लागलं-झालं, तर मी काय तोंड दावू? आदीच त्यांच्या कामाचं असं झालंय. रोज सकाळी मी त्या पेटीला हात लावून म्हनते, दादांना काम लागू दे."

प्रतिमा फॉर्म पदराखाली धरून माघारी आली. त्या दिवशी तिच्या पोळ्या करपल्या.

मंगळवार गेला. बुधवार उजाडला. तिसऱ्या घरातून निघताना श्वेताने नुसतं पाहिलं, विचारलं नाही. प्रतिमा थेट रेणुकाच्या खोलीत गेली, दार लावलं आणि खाली बसली. उभ्याने तिला बोलता आलं नसतं.

"रेणू, ती पेटी तुला परत करता येऊ नये म्हनून मी ओटीत घातली."

रेणुका स्टोव्हपाशी होती. वळली.

"तीस दिवसांत पेटी परत करायचा कायदा हाय. सगळ्यास्नी हाय, तुलाबी हाय. मी सांगितला न्हाई. आठ झाल्या की मला पैसं मिळणार हुतं, तू आठवी. ओटीत घातली की कोन परत देत न्हाई, हे मीच ताईला सांगितलं. ताईनं ते हॉलात सांगितलं, लोकं हसली. मला पट्टा घातला." ती एका दमात बोलली. थांबली असती तर राहून गेलं असतं. "म्हनून सही कर. त्यात कुंकूबिंकू काय न्हाई. ती ओटी न्हवतीच."

खोलीत स्टोव्हचा आवाज तेवढा होता. रेणुकाने तो बंद केला.

"पेटी नसती तर भरली असतीस?" तिने विचारलं.

रागाने नव्हे. खरंच माहीत करून घ्यायचं होतं तिला.

प्रतिमाने तोंड उघडलं. 'व्हय' म्हणायला एवढासा श्वास लागतो. पण सहा नवरात्रं आणि सहा चैत्र होते, आणि तेवढ्या सगळ्या वेळा ते दार अर्धं उघडं होतं. आज खोटं बोलायला ती आली नव्हती. तिने मान खाली घातली.

रेणुकाने हात धुतले. थोडंच पाणी घेऊन धुतले. फळीवरची पेटी काढली, पदराने पुसली, प्रतिमासमोर ठेवली. फॉर्म घेतला. सही करायला तिला शाळेतलं आठवून एकेक अक्षर काढावं लागलं. मग बोट एका रिकाम्या ओळीवर ठेवून विचारलं, "हितं काय लिवायचं?"

"कारण. का परत करतीस ते."

"तू लिव. तुला ठावं हाय."

प्रतिमाने लिहिलं, 'गरज नाही'.

श्वेताने त्याच दिवशी पेटी पोचवली. कंपनीने खळखळ केली नाही, नियमात होतं ते केलं. आठवड्याच्या आत रेणुकाच्या खात्यात पैसे आले, एक पैही कमी नाही. प्रतिमाने अनेक दिवसांनी सुटकेचा श्वास टाकला. कायदा म्हणजे चांगलीच गोष्ट, असं ती गुंडोला म्हणालीसुद्धा.  वाट्या सोनाराने केव्हाच आटवल्या होत्या, पण तेवढं सोनं पुन्हा घेता आलं असतं.

पैसे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेणुका दारात बसली. जुना, कोपरावर विरलेला ब्लाउज अंगात होता आणि मांडीवर तो हिरवा. हातात ब्लेडचं अर्धं पातं. ती टाके उसवत होती. एक टाका कापायचा, दोरा ओढायचा, बाजूच्या वाटीत ठेवायचा. शिंप्याने दुहेरी शिवण घातली होती, सुटता सुटत नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थबकायच्या.

"का गं, घट्ट झाला का?"

"न्हाई. होतंय बरोबर," ती म्हणायची आणि पुढचा टाका धरायची.

प्रतिमा आपल्या दारात कणीक मळत होती. समोरचं सगळं दिसत होतं. उठून जावं, ते पातं हिसकावून घ्यावं, चार शिव्या द्याव्या, रडावं, असं तिला हजारदा वाटलं. पण पूर्वी जे नुसतं सवयीने करता यायचं, त्यासाठी आता काहीतरी हक्क लागत होता. अस्तर निघालं. हुक निघाले. दुसऱ्या दिवशी बाह्या निघाल्या. संध्याकाळी रेणुकाने शेजारणीकडून इस्त्री मागून आणली.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रतिमा कामाला निघायच्या बेतात होती. गुंडो कधीचाच रांगेत जाऊन बसला होता. दारात पावलं वाजली. रेणुका ताट घेऊन उभी होती. ताटात नारळ, सुपारी, हळकुंड, तांदळाची रास, आणि घडी केलेला हिरवा खण. बेतून कापलेले तुकडे एकावर एक नीट जुळवून तिने त्याची पुन्हा घडी घातली होती. कडेने सुईची भोकं दिसत होती, ओळीने.

"नारळ नवा हाय," ती म्हणाली. "तुझा फोडून खाल्ला हुता मी. तांदूळ पाच मुठीच हायत, माझ्या मुठी बारक्या म्हनून सहा घातल्यात."

"रेणू, असं करू नगंस गं."

"कंपनीचं कंपनीला गेलं. हे तुझं."

प्रतिमाने दोन्ही हात पुढे केले. ताट घ्यायला की तिला धरायला, तिचं तिलाच कळलं नाही. रेणुका एक पाऊल मागे सरली.

"माझ्या हातनं घेऊ नगंस. सवाष्णीनं घेऊ न्हाई," ती म्हणाली. यात टोमणा नव्हता, प्रतिमाने तिच्या तोंडाकडे बघून खात्री केली. रेणुकाला अजूनही गुंडोच्या जिवाची काळजी होती. तिने वाकून ताट उंबऱ्यावर ठेवलं, अगदी मधोमध, तांदूळ सांडू न देता. मग आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. पूर्ण लावलं.

प्रतिमा तिथेच बसली. बाहेर जायला तोच एक उंबरा होता. ताट उचलून घरात घेतलं तर ओटी परत आली असं झालं, आणि भरली ओटी ओलांडून कुणी जात नाही. तिने दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मांडीवर आणला. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. त्या दिवशी तिन्ही घरच्या पोळ्या झाल्या नाहीत.